३२ की ६४: सांगलीतल्या एका हळद अडत दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं एक अडत दुकान. मालकांच्या वडिलांनी सुरू केलेलं, आता मालक आणि त्यांचा मुलगा बघतात. नाव, गाळा नंबर आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील मी गाळला आहे. त्यांच्या कॉम्प्युटरचं काम २०१९पासून माझ्याकडे आहे.

दुकानात कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्यावर कामं दोन. पहिलं काम पट्टीचं. शेतकऱ्याच्या मालाचा सौदा निघतो, पोत्यांचं वजन होतं, मग दर, वजन, हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल असा सगळा हिशोब एका कागदावर उतरतो. तो कागद म्हणजे पट्टी. ती हातात पडल्याशिवाय शेतकरी यार्डातून हलत नाही, आणि हलूही नये. सांगलीत हळद कर्नाटकातूनही येते. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस पट्टीसाठी बाकावर ताटकळत असतो, हे डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचावं.

दुसरं काम ऑनलाइनचं: जीएसटी, ई-वे बिल, बँक.

पट्टीचा प्रोग्रॅम १९९८ सालचा. सांगलीतल्याच एका गृहस्थांनी डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या काळातल्या प्रणालीवरच्या) फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहून दिलेला. ते आता हयात नाहीत आणि मूळ कोड कुणाकडेच नाही. हातात आहेत त्या फक्त चालणारी फाइल आणि डीबीएफ फायली, म्हणजे नोंदी साठवलेल्या फायली. पट्टी छापील मराठी फॉर्मवर, तीन प्रतींत, कार्बनसह निघते. त्यासाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो, कारण कार्बनवर उमटायला सुईचा ठोका हवा. दिवाणजी हा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून चालवतात. एफ५ म्हणजे नवी पट्टी, एफ८ म्हणजे उचल. त्यांना कीबोर्डकडे बघावं लागत नाही. महापुराचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी सीपीयू उचलून माडीवर नेला होता.

मशीन २०१४ सालचं. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ३२-बिट विंडोज ७.

अडचण

फेब्रुवारी २०२३मध्ये क्रोमची ११० क्रमांकाची आवृत्ती आली आणि तिने विंडोज ७ सोडून दिलं. खुद्द विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२०लाच थांबले होते. दुकानाचं बँकेचं काम त्याच मशीनवर चालायचं, त्यामुळे सीएंनी मालकांना सांगितलं की आता हे चालवू नका. त्याच सुमारास मुलाने कुणाकडून तरी आणखी चार जीबी रॅम बसवून घेतली होती. त्याचा मला फोन आला, "दादा, आठ जीबी टाकले तरी मशीन तीनच वापरतंय. रॅम खोटी दिली का?"

रॅम खरी होती. स्क्रीनवर 'आठ जीबी, त्यातली ३.१९ वापरता येण्यासारखी' असं लिहून येत होतं. मुलाला मी पट्टीच्या फॉर्मवर दाखवलं. फॉर्मवर खाते क्रमांकासाठी चार चौकोन छापलेले आहेत. ९९९९ खाती झाली की पुढचा शेतकरी दारात उभा असला तरी त्याला क्रमांक देता येत नाही. ३२-बिट विंडोजचं तसंच आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटचा पत्ता लिहायला ३२ घरं, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यातून पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून रॅमच्या वाट्याला सव्वातीनच्या आसपास उरतात.

प्रोसेसर मात्र ६४-बिटचा होता. साध्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये ही सोय एएमडीने २००३ साली आणली आणि इंटेल पुढच्या वर्षी त्याच वाटेने आलं. २०१४च्या आय-३मध्ये ती असणारच. मला वाटलं, आधीच्या तंत्रज्ञाने हाताशी जी सीडी होती ती लावली असेल. ६४-बिटच्या मशीनवर ३२-बिट विंडोज दिसलं की आमच्या धंद्यातला कुणीही हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

इथे पहिला निर्णय झाला आणि तो चुकला. मी मालकांना सांगितलं, "अण्णा, नवं विंडोज १० घेऊ, ६४-बिटचं टाकू. रॅमही पूर्ण लागेल आणि बँकेचं कामही सुरक्षित होईल." त्यांनी होकार दिला, परवाना विकत घेतला.

३२वरून ६४वर थेट जाता येत नाही, हे मला माहीत होतं. एकाच जातीच्या दोन आवृत्त्या असतील तर जुन्यावर नवी चढवता येते, फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. बिट बदलले की ती वाट बंद. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं आणि सगळं नव्याने बसवायचं. शनिवारी संध्याकाळी मी डी ड्राइव्हवरचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि विंडोज १० टाकलं. रविवारी यार्ड बंद. दुपारी जाऊन ब्राउझर, जीएसटीची साइट, डिजिटल सहीचं टोकन, लेझर प्रिंटर सगळं तपासलं. डॉट मॅट्रिक्सवर चाचणीचं पानही निघालं. पट्टीचा प्रोग्रॅम मी उघडला नाही. त्याचा पासवर्ड दिवाणजींकडे आणि दिवाणजी गावी गेलेले. फोल्डर डी ड्राइव्हवर जसंच्या तसं होतं, म्हणून माझं मन निर्धास्त होतं.

सोमवारी साडेदहाला दिवाणजींचा फोन. "अहो, पट्टी निघंना झालीया. आयकॉन दाबला की मशीन म्हणतंय, चालत न्हाई."

स्क्रीनवर संदेश होता की ही १६-बिटची फाइल आहे आणि या विंडोजवर चालणार नाही. हळदीचा हंगाम, सौदे निघालेले, बाहेर दोन गाड्या उभ्या.

नेमकं काय अडलं

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ऐकायला ते उलटं वाटतं. नवा, मोठा प्रोसेसर जुनं, लहान काम का करू शकत नाही?

प्रोसेसर करू शकतो. शनिवारपर्यंत तोच प्रोसेसर ते रोज करत होता. १९७८ सालच्या १६-बिट ८०८६ प्रोसेसरसाठी ज्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिले जात, ती पद्धत निभावून नेण्याची सोय पुढच्या प्रोसेसरांनी टिकवून ठेवली. डॉसचे प्रोग्रॅम त्या सोयीवर चालतात. ३२-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा एक भाग आहे, जो ही सोय वापरून डॉसच्या प्रोग्रॅमला आपण डॉसमध्येच आहोत असं भासवतो. पण ६४-बिट विंडोज सुरू झालं की प्रोसेसर लाँग मोड नावाच्या अवस्थेत जातो, आणि त्या अवस्थेत ८०८६चं रूप घेण्याची ती सोय बंद असते. म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाहीच. मायक्रोसॉफ्टने तो नंतर बसवण्यासाठीही दिलेला नाही.

३२-बिटचे प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर सुखाने चालतात, त्यांच्यासाठी आत वेगळी व्यवस्था आहे. त्यामुळेच माझ्यासारख्याची फसगत होते. आजवर ज्या ज्या मशीनवर ३२चं ६४ केलं, तिथले जुने प्रोग्रॅम चालले होते. ते ३२-बिटचे होते. हा १६चा निघाला. एक पायरी चालते, दोन पायऱ्या चालत नाहीत.

दुपारी मी आधीच्या तंत्रज्ञाचा नंबर मिळवला. ते आता पुण्यात असतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी मुद्दाम ३२ टाकलं होतं. त्या प्रोग्रॅमसाठीच." त्यांना मशीनची क्षमता पुरती माहीत होती. दिवाणजींचं काम चालावं म्हणून त्यांनी विचार करून ३२ निवडलं होतं. मी ज्याला आळस समजलो तो एका जाणत्या माणसाचा निर्णय होता. फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता.

पर्याय

सोमवारचा दिवस कसा निघाला ते आधी सांगतो. दिवाणजींनी कपाटातून जुनं हातपट्टीचं पुस्तक काढलं आणि दिवसभर पट्ट्या हाताने लिहिल्या. मुलगा कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसला. एकही शेतकरी पट्टीशिवाय गेला नाही. दिवाणजींनी आणखी एक शहाणपण केलं. हातपट्ट्यांना कॉम्प्युटरचे पुढचे क्रमांक दिले नाहीत, पुस्तकातलेच वेगळे क्रमांक चालू ठेवले. नंतर त्या प्रोग्रॅममध्ये भरताना एकही क्रमांक दोनदा पडला नाही, तो याच कारणाने.

त्या संध्याकाळी मालक, मुलगा, दिवाणजी आणि मी असे गाळ्यात बसलो.

पुन्हा ३२-बिट विंडोज ७वर जाणं सगळ्यांत सोपं दिसत होतं. पण ज्या कारणासाठी हे सगळं केलं ते कारण तसंच राहणार. बँकेचा व्यवहार असुरक्षित मशीनवर करायला मालकांनी स्पष्ट नकार दिला.

३२-बिट विंडोज १० हा दुसरा मार्ग. घेतलेला परवाना त्यालाही चालला असता, कारण आवृत्ती तीच असेल तर क्रमांक ३२ आणि ६४ दोन्हींना लागतो. त्यात एनटीव्हीडीएम सुरू करून घेता येतं. पण रॅम पुन्हा सव्वातीन जीबी. शिवाय विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच निघालं आहे, म्हणजे ही वाट पुढे संपणार हे तेव्हाच दिसत होतं. मी हा पर्याय फार लवकर बाजूला सारला. त्याबद्दल पुढे बोलतो.

६४-बिट विंडोजवर डॉसचा आभास निर्माण करणारे प्रोग्रॅम असतात. डॉसबॉक्स हा त्यातला प्रसिद्ध, पण तो मुळात खेळांसाठी बनवलेला आहे. व्हीडॉस नावाचा दुसरा, खास कामकाजाच्या प्रोग्रॅमसाठी. माझ्या लॅपटॉपवर व्हीडॉसमध्ये पट्टीचा प्रोग्रॅम क्षणात उघडला, अक्षरं स्वच्छ, एफ५ आणि एफ८ चालू. दिवाणजींचा चेहरा खुलला. छपाईत मात्र घोळ झाला. छापील फॉर्मची लांबी आणि छपाईची लांबी जुळेना. पहिली पट्टी बरोबर, दुसरी एक ओळ खाली, पाचव्या पट्टीला हमालीचा आकडा तोलाईच्या घरात. बसून सोडवलं असतं तर कदाचित सुटलं असतं. पण शेतकऱ्याच्या पट्टीवर आकडा चुकीच्या घरात छापला जाण्याचा धोका एका रात्रीच्या चाचणीवर घ्यायला मी तयार नव्हतो.

मुलाने सुचवलं की सरळ नवं सॉफ्टवेअर घेऊ. त्याचं म्हणणं रास्त होतं. पण भर हंगामात, उचलीची शेकडो खाती चालू असताना ते शक्य नव्हतं.

दोन मशीन ठेवणं, एक पट्टीला आणि एक ऑनलाइनला, हाही मार्ग होता. जागा अडचणीची असली तरी मालक तयार होते. पण जुन्या मशीनसाठी पुन्हा जुनं विंडोज, आणि २०१४चं मशीन बंद पडलं तर पुढे काय, हा प्रश्न उरत होता.

उरले दोन: एकाच डिस्कवर ३२ आणि ६४ दोन्ही विंडोज ठेवून मशीन सुरू करताना हवं ते निवडणं, किंवा ६४-बिट विंडोजच्या आत एका खोट्या मशीनमध्ये ३२-बिट विंडोज चालवणं.

काय केलं

आधी पहिलं केलं, कारण ते त्याच रात्री होण्यासारखं होतं. ई ड्राइव्ह मोकळा केला आणि त्यावर ३२-बिट विंडोज ७ टाकलं. जुनं विंडोज नव्याच्या नंतर बसवलं की ते सुरुवातीच्या मेनूतून नव्याला हटवतं. तो मेनू परत उभा करायला तास गेला. फॉक्सप्रोला एका वेळी बऱ्याच फायली उघड्या लागतात, त्यासाठी कॉन्फिग.एनटी या फाइलमधला आकडा वाढवावा लागतो. ती जुनी फाइल फॉरमॅटमध्ये गेली होती, पुण्याच्या त्या गृहस्थांनी फोनवर आकडा सांगितला. प्रिंटर यूएसबीवरचा आणि प्रोग्रॅमला माहीत फक्त एलपीटी१, म्हणजे प्रिंटर जोडायची जुनी जागा. म्हणून प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' आदेशाने एलपीटी१ त्याच्याशी जोडला. रात्री दीडला पट्टी निघाली, आकडे आपापल्या घरात.

मंगळवारी ही व्यवस्था चालली, पण चालली असं म्हणणं जिवावर येतं. पट्टीला ३२, ई-वे बिलाला ६४. माल पाठवायचा असेल तेव्हा मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, मेनूत निवडायचं, तीन-चार मिनिटं वाट बघायची, पुन्हा परत यायचं. दिवसातून २५-३० वेळा. संध्याकाळी दिवाणजी म्हणाले, "यापेक्षा हाताने लिहिलेलं बरं." ते चिडून नव्हते म्हणाले, थकून म्हणाले.

बुधवारी सकाळी आणखी एक गोष्ट झाली. विंडोज ७ निवडल्यावर डी ड्राइव्हची तपासणी आपोआप सुरू झाली आणि वीस मिनिटं चालली. कारण शोधलं. विंडोज १० बंद करताना ते पूर्ण बंद होत नाही, लवकर सुरू होण्यासाठी आपली अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. त्या अर्धवट मिटलेल्या अवस्थेत दुसऱ्या विंडोजने तोच ड्राइव्ह उघडला की दोघांच्या नोंदी एकमेकींना छेद देतात. प्रोग्रॅमच्या इंडेक्स फायली, म्हणजे नोंदी शोधायच्या सूच्या, बिघडल्या होत्या. पुन्हा इंडेक्स केल्यावर सगळ्या पट्ट्या जागेवर सापडल्या आणि हातपुस्तकाशी व मंगळवारच्या प्रतींशी ताडून बघितल्या तेव्हा जुळल्या. ती लवकर सुरू होण्याची सोय मी लगेच बंद केली. पण त्या वीस मिनिटांत मला जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. शेतकऱ्यांच्या उचलीचा हिशोब त्या ड्राइव्हवर होता.

दोन विंडोज एकाच मशीनवर ठेवता येतात, पण ज्या माणसाला दोन्हींची मिनिटामिनिटाला गरज आहे त्याच्यासाठी ही सोय नाही. महिन्यातून एकदा बदलायचं असेल तर ठीक. इथे दुसरा निर्णय झाला: एकाच्या पोटात दुसरं.

बुधवारी आणि गुरुवारी रात्री ते मी माझ्या लॅपटॉपवर उभं केलं, शनिवारी रात्री दुकानात. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची (आत खोटं मशीन चालवण्याची) सोय बंद होती, ती सुरू केली. ६४-बिट विंडोज १०वर व्हर्च्युअलबॉक्स हा खोटं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्या आत ३२-बिट विंडोज ७, एक जीबी रॅम देऊन. दुकानाचं विंडोज ७ पेटीबंद विकत घेतलेलं होतं, मशीनसोबत आलेलं नव्हतं, म्हणून डिस्कवरचं काढून तोच परवाना आत नेता आला. आतल्या विंडोजला इंटरनेट दिलं नाही. अपडेट थांबलेलं विंडोज आहे, त्याने बाहेरचं जग बघू नये. बाहेरच्या मशीनशी बोलण्यापुरतं जाळं ठेवलं, कारण 'नेट यूज'ला तेवढं लागतं. डॉट मॅट्रिक्स थेट आतल्या विंडोजच्या हवाली केला. तिथे त्याला कुठलाही दिखाऊ ड्रायव्हर न लावता 'फक्त मजकूर' प्रकारचा लावला, म्हणजे प्रोग्रॅम जे छपाईचे कोड पाठवतो ते वाटेत न बदलता प्रिंटरपर्यंत जातात. व्हीडॉसमध्ये जो फॉर्म सरकत होता तो इथे सलग पन्नास पट्ट्यांना जागचा हलला नाही. पन्नासही दिवाणजींनी स्वतः मोजून बघितल्या.

हे निवडण्यामागे एकच विचार होता. या आतल्या मशीनमध्ये कसलाच आभास नाही, खरंखुरं ३२-बिट विंडोज आहे, ज्यावर हा प्रोग्रॅम नऊ वर्षं चालला. प्रोग्रॅमच्या बाजूने काहीच बदललेलं नाही.

सोमवारी दिवाणजींसमोर एकाच पडद्यावर दोन खिडक्या होत्या. डावीकडे निळ्या पडद्याचा जुना प्रोग्रॅम, उजवीकडे ई-वे बिल. मशीन बंद करणं नाही, मेनू नाही.

निकाल

तो हंगाम पार पडला. दर संध्याकाळी आतलं मशीन बंद करून त्याची अख्खी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवायची सवय मुलाने लावून घेतली. विंडोज, प्रोग्रॅम, कॉन्फिग.एनटी, प्रिंटरची जोडणी, सगळं त्या एका फाइलमध्ये. सी ड्राइव्ह फॉरमॅट करताना मी जे घालवलं होतं ते आता एका कॉपीत वाचतं.

हंगामानंतर मुलाने नव्या प्रोग्रॅमचं काम हाती घेतलं. डीबीएफ फायली लिब्रेऑफिसमध्ये थेट उघडतात, त्यामुळे डेटा बाहेर काढायला जुन्या कोडची गरज पडली नाही. नवा प्रोग्रॅम २०२४च्या पूर्ण हंगामात जुन्याच्या जोडीने चालवला. प्रत्येक पट्टी दोन्हीकडे. दिवाणजींना दुप्पट काम पडलं, पण त्यांचाच आग्रह होता. उचलीवरच्या व्याजाच्या दिवसांची मोजणी नव्या प्रोग्रॅममध्ये एका दिवसाने चुकत होती, ती त्यांनीच पकडली.

२०२५मध्ये पुन्हा बदलाची वेळ आली, कारण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपत होता आणि चौथ्या पिढीचा आय-३ विंडोज ११च्या यादीत बसत नाही. मुलाला एक लॅपटॉप आवडला होता, बॅटरी दिवसभर चालणारा, पण त्यात आर्म जातीचा प्रोसेसर होता. या वेळी त्याने विकत घेण्याआधी फोन केला. मी नको म्हटलं. आर्म प्रोसेसरची आज्ञावलीच वेगळी. त्याच्यासाठीचं विंडोज ११ इंटेलसाठी लिहिलेले पुष्कळ प्रोग्रॅम दुभाष्यासारखं चालवून घेतं, पण ड्रायव्हर मात्र आर्मसाठीच लिहिलेला लागतो. डिजिटल सहीच्या टोकनचा तसा ड्रायव्हर मिळेल याची खात्री नव्हती. आणि आमचं आतलं ३२-बिट मशीन इंटेलच्या जातीचं, ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये आर्मवर चालणार नाही. शेवटी साधा इंटेलचा डेस्कटॉप घेतला. व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, ती फाइल उतरवली, सुरू केली. विंडोज ११च्या सुरक्षेच्या एका सोयीमुळे आतलं मशीन थोडं संथ चालतं, खाली कासवाचं चिन्ह दिसतं. पट्टी निघायला फरक पडला नाही. सगळं मिळून एक दुपार गेली.

वेगळं काय करता आलं असतं

फॉरमॅटच्या आधी मी दिवाणजींशेजारी एक तास बसायला हवं होतं. मालकांना विचारलं होतं, मुलाला विचारलं होतं. जो माणूस दिवसभर त्या मशीनवर बसतो त्याला विचारलं नाही. 'तुम्ही काय काय उघडता, एकदा दाखवा' एवढं म्हटलं असतं तर त्या निळ्या पडद्यावरूनच मला कळलं असतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं: जुन्या डिस्कला हात लावायचीच गरज नव्हती. एक छोटी एसएसडी आणून, जुन्या डिस्कची वायर काढून, नव्यावर ६४-बिट टाकायचं. बिघडलं तर वायर परत लावायची आणि सोमवारी साडेदहाला शनिवारचं मशीन परत उभं. मी डेटाची प्रत घेतली होती, चालत्या व्यवस्थेची घेतली नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या सोमवारी समजलं. आता ३२चं ६४ करायचं असेल तर मी जुनी डिस्क बाहेर काढून कागदात गुंडाळून मालकाच्या हातात देतो, महिनाभर ठेवा म्हणून.

३२-बिट विंडोज १०बद्दल मघाशी बोललो. पुढचा विचार करून मी ते नाकारलं आणि लांबच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण त्या सोमवारी रात्री मला दोन-अडीच वर्षांचा मार्ग नको होता, आठवडाभराचा हवा होता. ते टाकलं असतं तर पट्टी आणि ई-वे बिल एकाच विंडोजवर आले असते, मंगळवारची फरफट आणि बुधवारची ती वीस मिनिटं दोन्ही टळली असती. खोटं मशीन मग सावकाश, हंगाम संपल्यावर उभारता आलं असतं. मुलाचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, तात्पुरतं चाललं असतं तर तेच कायम झालं असतं. असेलही.

आणि हळदीच्या हंगामात हे काम हातात घ्यायला नको होतं. ब्राउझरची सूचना फेब्रुवारीत आली म्हणून मी फेब्रुवारीत हललो, पण विंडोज ७चा आधार संपून तेव्हा तीन वर्षं झाली होती. पावसाळ्यात यार्ड सुस्त असतं तेव्हा, मधल्या कुठल्याही वर्षी, मी स्वतः विषय काढू शकलो असतो.

नव्या मशीनच्या कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. मराठीत, मोठ्या अक्षरांत. बाहेर ६४-बिट, आत ३२-बिट, आणि आत ३२ का आहे त्याचं कारण. कॉन्फिग.एनटीमधला आकडा, प्रिंटरचा आदेश, आतल्या मशीनची फाइल कुठे आहे ते, तारीख, आणि खाली माझा व पुण्याच्या त्या गृहस्थांचा नंबर, त्यांना विचारून. दुसरी प्रत दिवाणजींनी मागून घेतली. ती हातपट्टीच्या पुस्तकात, शेवटच्या पट्टीच्या पानाशी ठेवलेली आहे.